डेनिस रिची : कॅरॅक्टर ॲरे आणि कॅरॅक्टर पॉइंटर यांच्यामागचा माणूस



डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सी शिकवताना दरवर्षी एक तास असा येतो की सगळा वर्ग गप्प होतो. फळ्यावर दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत एका कॅरॅक्टर ॲरेमध्ये इंग्रजी स्पेलिंगमधलं पुणे भरलेलं असतं. दुसऱ्या ओळीत एका कॅरॅक्टर पॉइंटरला तेच पुणे दिलेलं असतं. एकीकडे नावापुढे चौकटी कंस, दुसरीकडे नावाआधी स्टार, बाकी सगळं सारखं. छापून बघितलं तर दोन्हीकडे पडद्यावर पुणेच येतं. मग मी मुलांना पहिलं अक्षर बदलायला सांगतो. पी काढा आणि जे घाला, म्हणजे पुण्याचं जून होईल. ॲरेवाल्यांचं जून होतं. पॉइंटरवाल्यांचा प्रोग्रॅम मात्र सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने उभं राहून विचारलं की ॲरेचं नाव म्हणजेच पॉइंटर असं मागच्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत, मग आज हे वेगळं कसं? माझ्याकडे पुस्तकी उत्तर होतं. तसा नियम आहे, एवढंच. पण तो नियम कुणी केला, कधी केला, कशासाठी केला हे मला सांगता येईना. मुलगा खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. घरी येऊन शोधायला लागलो तेव्हा त्या नियमामागे एक माणूस सापडला. त्याचं नाव आपण पुस्तकाच्या पहिल्या पानावर एका ओळीत वाचतो आणि पान उलटतो. आजचा पाठ त्या माणसाचा.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल या गावी झाला. लहानपण गेलं न्यू जर्सीतल्या समिट या गावात. वडील ॲलिस्टर रिची बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागणाऱ्या स्विचिंग सर्किटचे ते जाणकार, त्या विषयावरच्या एका पुस्तकाचे सहलेखकही. म्हणजे चालू आणि बंद, शून्य आणि एक ही भाषा घरात आधीपासूनच होती.

डेनिस हार्वर्डला गेले ते भौतिकशास्त्र शिकायला. तिथे युनिव्हॅक या जुन्या संगणकावर एक व्याख्यान ऐकलं आणि मन तिकडे ओढलं गेलं. १९६३ साली पदवी मिळाली. पुढे त्याच विद्यापीठात गणिताच्या अंगाने पीएच.डी.चं काम केलं. १९६८ मध्ये प्रबंध लिहून तयार होता आणि मार्गदर्शकांची त्याला हरकत नव्हती. फक्त बांधणी केलेली एक प्रत ग्रंथालयात जमा करायची राहिली होती. ती त्यांनी कधी जमा केलीच नाही! त्यामुळे पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली नाही. पुढची चाळीस वर्षं अनेक लोक त्यांना डॉक्टर रिची म्हणत राहिले. तो प्रबंध लोकांना वाचायला मिळाला २०२० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, अमेरिकेतल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयाच्या प्रयत्नांमुळे. दाखला, सही, शिक्का यांच्यामागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा पचायला जड जातं.

१९६७ मध्ये रिची वडिलांच्याच संस्थेत, मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. तिथे मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिमचं काम चालू होतं. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज असे तिघे मिळून ते करत होते. काम वाढत गेलं, खर्च वाढत गेला, हाताला मात्र काही लागेना. १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांच्याकडचं काम गेलं. थॉम्पसनना एक जुना, फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ संगणक सापडला. त्याची मेमरी अवघी आठ हजारांच्या आसपास शब्दांची, प्रत्येक शब्द १८ बिटांचा. त्या यंत्रावर त्यांनी एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली. तीच पुढे युनिक्स म्हणून ओळखली गेली.

इथून आपल्या विषयाला सुरुवात होते, म्हणून जरा सावकाश जाऊ.

थॉम्पसननी त्या यंत्रासाठी बी नावाची एक भाषा बनवली. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल ही तिची आई. या दोन्ही भाषांमध्ये डेटा टाइप नावाची गोष्टच नव्हती. मेमरी म्हणजे सारख्या आकाराच्या कप्प्यांची एक लांबच लांब रांग. कप्प्यात संख्या ठेवा, नाहीतर दुसऱ्या कप्प्याचा क्रमांक ठेवा, भाषेला त्याचं सोयरसुतक नाही. संख्यांपुरतं हे ठीक होतं. अक्षरांचं मात्र हाल होते. एक अक्षर कप्प्यापेक्षा लहान असतं, त्यामुळे एकाच कप्प्यात एकाहून जास्त अक्षरं कोंबावी लागत. त्यातलं नेमकं एक अक्षर हवं असेल तर वेगळं फंक्शन बोलवायचं, सगळं सोडवायचं आणि काम झालं की पुन्हा कोंबायचं.

बीसीपीएलमध्ये शब्दाच्या सुरुवातीला त्याची लांबी लिहून ठेवत. थॉम्पसननी बी करताना ती पद्धत सोडली आणि शब्दाच्या शेवटी एक खुणेचं अक्षर ठेवायला सुरुवात केली. लांबी एका लहानशा जागेत लिहायची म्हटलं की शब्द किती मोठा असावा यावर मर्यादा येते. आठ बिटांत २५५ च्या पुढे मोजता येत नाही. शिवाय लांबी सतत सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण शोधणं त्यांना सोयीचं वाटलं. सीमध्ये ती खूण शून्य बाइटची झाली. पुणे या चार अक्षरी स्पेलिंगला पाच जागा का लागतात, या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ही निवड लक्षात ठेवा, पुढे तिचं बिल येणार आहे.

१९७० मध्ये या मंडळींना नवा पीडीपी-११ मिळाला. तो कसा मिळाला ही गंमत आहे. नवी ऑपरेटिंग सिस्टिम करायची आहे म्हणून पैसे मागितले असते तर मल्टिक्सची आठवण ताजी असलेल्या वरिष्ठांनी दिले नसते. म्हणून मागणी केली ती मजकूर तयार करण्याच्या व्यवस्थेसाठी, आणि बेल लॅब्जच्या पेटंट विभागाने १९७१ मध्ये ती खरोखरच वापरायला घेतली. म्हणजे यंत्र आलं तेच मुळात अक्षरांच्या कामासाठी. आणि या यंत्रात प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. एक अक्षर म्हणजे एक बाइट, एक बाइट म्हणजे एक पत्ता. बी भाषेला मात्र अजून १६ बिटांचे कप्पेच दिसत होते. नव्या यंत्रावर तिचा प्रत्येक पॉइंटर वापरण्याआधी कप्प्याच्या क्रमांकाचं बाइटच्या पत्त्यात रूपांतर करावं लागे.

रिची यांनी १९७१ मध्ये बी भाषेत बदल करायला घेतले. आधी त्यांनी अक्षरासाठी वेगळा टाइप आणला. आपण ज्याला कॅरॅक्टर टाइप म्हणतो तो हाच. पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो, अक्षराकडे की पूर्णांकाकडे, हे कंपायलरला कळू लागलं. या मधल्या भाषेला ते न्यू बी म्हणत. ती फार काळ टिकली नाही, पण आपल्या वर्गातल्या गोंधळाचं मूळ तिच्यातच आहे.

न्यू बीमध्ये ॲरे कसा असायचा ते बघू. मी वर्गात हे चाळीच्या उदाहरणाने सांगतो. ॲरे म्हणजे चाळीतल्या सलग खोल्या. पॉइंटर म्हणजे पहिल्या खोलीचा पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी. बी आणि न्यू बी या भाषांत तुम्ही दहा जागांचा ॲरे मागितला की दहा खोल्या मिळत आणि त्याशिवाय एक चिठ्ठीही मिळे. ॲरेचं नाव हे त्या चिठ्ठीचं नाव असे. प्रोग्रॅम चालू झाला की भाषा त्या चिठ्ठीवर पत्ता लिहून ठेवायची. म्हणजे त्या काळात ॲरेचं नाव खरोखरच पॉइंटर होतं. मागच्या आठवड्यात मी वर्गात जे सांगितलं ते १९७१ साली बरोबर ठरलं असतं!

मग अडचण आली. रिची यांना भाषेत स्ट्रक्चर आणायचं होतं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका गाठोड्यात बांधता यायला हवी होती. त्यांच्यासमोरचं उदाहरण अगदी घरचं होतं. युनिक्सच्या डिरेक्टरीत प्रत्येक फाइलची एक नोंद असते. त्या काळी ती नोंद १६ बाइटांची होती. पहिले दोन बाइट फाइलच्या क्रमांकाचे, पुढचे १४ बाइट तिच्या नावाचे. हे १६ बाइट डिस्कवर असेच्या असे पडलेले होते. रिची यांना वाटत होतं की एक पूर्णांक आणि १४ जागांचा कॅरॅक्टर ॲरे असं स्ट्रक्चर लिहावं आणि ते डिस्कवरच्या नोंदीवर बरोबर बसावं.

पण ॲरेबरोबर चिठ्ठी येत होती ना! ती ठेवायची कुठे? स्ट्रक्चरच्या आत ठेवली तर १६ चे १८ बाइट होतात आणि डिस्कवरच्या नोंदीशी मेळ बसत नाही. बरं, डिस्कवर मेमरीचा पत्ता लिहून ठेवण्याला तरी काय अर्थ? पुढच्या वेळी ती नोंद मेमरीत दुसरीकडेच येणार. शिवाय स्ट्रक्चरच्या आत ॲरे, त्यात पुन्हा स्ट्रक्चर असं झालं तर प्रत्येक चिठ्ठीवर पत्ता कुणी आणि कधी लिहायचा?

रिची यांनी चिठ्ठीच काढून टाकली.

इथे वर्गात मी मुद्दाम थांबतो, तुम्हीही थांबा. ॲरे म्हणजे आता फक्त खोल्या. चिठ्ठी मेमरीत कुठेच ठेवलेली नाही. पण जुने प्रोग्रॅम तर ॲरेचं नाव चिठ्ठीसारखंच वापरत होते, ते मोडून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी नियम केला की हिशोबात जिथे ॲरेचं नाव येईल तिथे कंपायलरने पहिल्या घटकाचा पत्ता त्या क्षणी तयार करून द्यावा. पत्ता मिळतो, पण तो कुठे साठवलेला नसतो. चाळीचा पत्ता विचारला की रखवालदार तोंडी सांगतो, कागद देत नाही. रिची यांनी १९९३ मध्ये सीच्या जन्माचा इतिहास सांगणारा एक लेख लिहिला. त्यात बीकडून सीकडे येतानाची निर्णायक उडी म्हणून त्यांनी याच गोष्टीकडे बोट दाखवलं आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की फळ्यावरच्या त्या दोन ओळी आपोआप वेगळ्या दिसायला लागतात. ॲरेवाल्या ओळीत पाच खोल्या तुमच्या मालकीच्या, त्यांत पी, यू, एन, ई आणि शून्य अशी अक्षरं उतरवून घेतलेली. आकार विचारला तर पाच. पॉइंटरवाल्या ओळीत तुमच्या मालकीची फक्त एक चिठ्ठी. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर तिचा आकार आठ, मग शब्द चार अक्षरांचा असो की चारशे. अक्षरं दुसरीकडे, कंपायलरने स्वतःसाठी राखलेल्या जागेत आहेत. चिठ्ठीवर दुसरा पत्ता लिहिता येतो, म्हणून पॉइंटरला नंतर नाशिक द्या, तो घेईल. ॲरेच्या नावाला बरोबरच्या चिन्हाने नाशिक द्यायला गेलात तर कंपायलर अडवेल, कारण पत्ता बदलून लिहायला तिथे चिठ्ठीच नाही.

आणि तोच ॲरे फंक्शनला दिला की काय होतं? खोल्या जात नाहीत, तोंडी सांगितलेला पत्ता तेवढा जातो. समोरचं फंक्शन तो स्वतःच्या चिठ्ठीवर लिहून घेतं. खोल्या किती होत्या हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून फंक्शनच्या आत आकार विचारला तर पाचऐवजी आठ येतो आणि मुलं चक्रावतात. गंमत म्हणजे फंक्शनच्या यादीत आपण रिकामे चौकटी कंस लिहितो तेव्हा तो ॲरे नसतोच, तो पॉइंटर असतो. हे रिकामे कंस म्हणजे न्यू बीच्या काळातला राहून गेलेला अवशेष आहे, आणि शिकणाऱ्याला त्याने गोंधळायला होतं, हे रिची यांनी स्वतः मान्य केलेलं आहे. वर्गात हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. चूक आपल्या डोक्याची नव्हती, असं त्यांना वाटतं, आणि ते खरंच आहे.

१९७२ पर्यंत भाषेला सी हे नाव मिळालं होतं. त्याच वर्षी थॉम्पसननी युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहायचा प्रयत्न करून सोडून दिला होता, कारण स्ट्रक्चर अजून आलेलं नव्हतं. ते आलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून ते काम तडीस नेलं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे असेंब्लीतच लिहायची वस्तू, असं मानणाऱ्यांची तेव्हा संख्या मोठी होती. सीमध्ये असल्यामुळे युनिक्स पुढे दुसऱ्या यंत्रांवर नेता आलं. विद्यापीठांत गेलं, तिथून जगभर पसरलं. आज मुलांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जे लिनक्स आहे ते बहुतांशी सीमध्येच लिहिलेलं आहे. ही जुनी भाषा आता कशाला, असं विचारणाऱ्या पालकांना मी एवढंच सांगतो.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निगन यांच्याबरोबर रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. पांढऱ्या मुखपृष्ठावर मोठा निळा सी असलेलं ते लहानसं पुस्तक अनेकांनी पाहिलं असेल. नव्या भाषेचा पहिला प्रोग्रॅम म्हणून जगाला नमस्कार छापायची प्रथा त्याच पुस्तकाने रूढ केली. आपल्याकडे मात्र दोन पिढ्या सी शिकल्या त्या नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या लेट अस सी या पुस्तकावरून आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. मीही त्यातलाच.

त्या निळ्या पडद्याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पहिल्या काळातल्या सीमध्ये अवतरणात लिहिलेला शब्द बदलता येत असे. १९७८ च्या पुस्तकाप्रमाणे तर तोच शब्द दोनदा लिहिला तरी त्याच्या दोन वेगळ्या प्रती धरल्या जात. १९८९ च्या अमेरिकन मानकाने हे बदललं. असा शब्द बदलायचा प्रयत्न केल्यास काय होईल याची हमी भाषा देणार नाही, असं ठरलं. कंपायलरला मोकळीक मिळाली की शब्द राखीव, फक्त वाचायच्या जागेत ठेवावा, हवं तर दोन ठिकाणी एकच प्रत वापरावी. पण टर्बो सी चालायचं डॉसवर, आणि तिथे मेमरीला पहारेकरीच नव्हता. पॉइंटरमधून पुण्याचं जून बिनदिक्कत व्हायचं. म्हणून आम्ही शिकलो तेव्हा हा फरक दिसलाच नाही. लॅबमधले संगणक बदलून लिनक्स आलं आणि तोच प्रोग्रॅम कोसळायला लागला. मुलाच्या प्रश्नावर मी अडखळलो त्याचं एक कारण हेही होतं.

१९८८ मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. तिच्या पाचव्या प्रकरणात एकच वाक्य एकदा ॲरेत आणि एकदा पॉइंटरला देऊन, शेजारी चित्र काढून फरक दाखवला आहे. जेमतेम काही ओळींचं विवेचन आहे. सी शिकवणाऱ्याने ते पान एकदा तरी स्वतः कागदावर काढून बघावं.

त्याच वर्षी ते बिल आलं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक अडकून पडले. त्याला मॉरिस वर्म म्हणतात. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती गेट्स या फंक्शनची. हे फंक्शन बाहेरून आलेली ओळ एका कॅरॅक्टर ॲरेत भरतं. त्याला ॲरेचा फक्त पत्ता मिळतो, खोल्या किती ते कळत नाही, आणि ओळ संपेपर्यंत ते भरत राहतं. त्या ठिकाणी ॲरे ५१२ बाइटांचा होता. वर्मने ५३६ बाइटांची ओळ पाठवली. जास्तीची अक्षरं शेजारच्या जागेत सांडली आणि तिथे फंक्शनचा परतीचा पत्ता होता. चिठ्ठी काढून टाकताना जो आकार सांगायचा राहिला, लांबीऐवजी शेवटची खूण ठेवताना जी मोजणी सुटली, त्या फटीतून ते आत आलं. आणखी एक गोष्ट म्हणजे त्या मुलाचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅब्जमध्ये युनिक्सच्या पासवर्डवर काम केलेले, रिची आणि थॉम्पसन यांचेच जुने सहकारी होते.

याचा दोष रिची यांना द्यावा का? मला तसं वाटत नाही, पण त्यांना पूर्ण मोकळंही सोडता येत नाही. २४ हजार बाइट मेमरीच्या यंत्रावर, एका इमारतीतल्या ओळखीच्या माणसांसाठी ती भाषा लिहिली होती. प्रत्येक ॲरेबरोबर त्याचा आकार सांभाळायचा खर्च त्या यंत्राला परवडणारा नव्हता. पण यंत्रं मोठी झाली, अनोळखी माणसं आली आणि नियम तसाच राहिला. ही उणीव रिची यांना दिसत नव्हती असं नाही. १९९० मध्ये त्यांनी एक सुचवणी लिहिली होती की सीमध्ये असा पॉइंटर असावा जो पत्त्याबरोबर ॲरेचा आकारही बाळगेल. ती स्वीकारली गेली नाही. भाषा तोपर्यंत समितीच्या हाती गेलेली होती, आणि तिच्या जनकाचं मत हे अनेक मतांपैकी एक होतं.

त्याच दशकात त्यांच्या विभागात एक काम झालं, जे आपण मराठी माणसांनी जाणून घ्यावं. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत तयार केली. जगातल्या सगळ्या लिपींची अक्षरं बाइटांत अशी मांडायची की शून्य बाइट मध्ये कुठेच येऊ नये, म्हणजे सीचे जुने कॅरॅक्टर ॲरे आहेत तसे चालत राहतील. वर्गात शेवटी मी मुलांना देवनागरीतलं पुणे ॲरेत भरायला सांगतो आणि आकार विचारतो. इंग्रजीत पाच आलं होतं. आता तेरा येतं! प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, आणि शेवटचा शून्य. एक कॅरॅक्टर म्हणजे एक अक्षर ही समजूत तिथे गळून पडते. बऱ्याच मुलांनी आपली लिपी संगणकाच्या आत अशी पहिल्यांदाच पाहिलेली असते. त्या तासाला मागच्या बाकावरची पोरंही आपापलं नाव मोजत बसतात.

रिची यांच्या स्वभावाबद्दल फार काही लिहिलं गेलेलं नाही, कारण त्यांनी स्वतःबद्दल फारसं बोलूच दिलं नाही. अबोल, सौम्य, पण लिहिताना नेमका आणि मिश्कील माणूस. ते उशिरा उठत, दुपारी कचेरीत येत आणि रात्री उशिरापर्यंत घरून काम करत. सहकारी त्यांना त्यांच्या लॉगिनच्या तीन अक्षरांनी, डीएमआर म्हणून ओळखत. एकदा त्यांनी आणि रॉब पाइक यांनी जादूगारांची एक प्रसिद्ध जोडी हाताशी धरून बेल लॅब्जमधले नोबेल विजेते वरिष्ठ आर्नो पेन्झियास यांची फजिती केली होती. त्यांनी लग्न केलं नाही. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना थॉम्पसन यांच्याबरोबर मिळाला. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक आणि २०११ मध्ये जपान पुरस्कार, तोही दोघांना मिळून. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स इथल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत होते. वय ७० होतं आणि तब्येत बऱ्याच दिवसांपासून बरी नव्हती. बातमी जगाला कळली ती रॉब पाइक यांनी इंटरनेटवर लिहिलेल्या काही ओळींतून. आठवड्यापूर्वीच, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्ज गेले होते. त्यांच्या फोटोंनी जगभरची वर्तमानपत्रं भरलेली होती. रिची यांची बातमी त्या मानाने आतल्या पानात राहिली. ज्या फोनवर लोक जॉब्जना श्रद्धांजली लिहीत होते त्याची ऑपरेटिंग सिस्टिम युनिक्सच्याच घराण्यातली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, सी भाषेचं नवं आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं. त्यातून गेट्स हे फंक्शन काढून टाकलेलं आहे. त्या जागी एफगेट्स वापरायचं, ज्याला ॲरेचा पत्ता आणि आकार दोन्ही द्यावे लागतात. आमच्या प्रयोगवहीतल्या स्ट्रिंगच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मात्र अजून गेट्सच छापलेलं आहे. मी दरवर्षी मुलांना ती ओळ पेनाने खोडायला लावतो आणि वर एफगेट्स लिहायला सांगतो, आकारासकट.